कॅनबेराच्या नाकात

गुणवंता चक्कीवाला विमानाच्या नाकात पालथा पडला होता, आणि न हलता पडून राहण्यात अख्ख्या सौंसरमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुर्गा उत्सव मंडळाची सजीव झाकी दरवर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत निघायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा उभा करायचा, त्यात मूर्तींच्या जागी माणसं ठेवायची आणि माणसांनी मात्र मूर्तींसारखं राहायचं. एका वर्षी गुणवंता शरपंजरी भीष्म झाला, एका वर्षी देवीच्या पायाखालचा महिषासुर. नाकावर माशी बसली तरी हा हलायचा नाही. बाया पोरांना दाखवायच्या, बघ, पापणी तरी लवते का.

घरी आणि चक्कीवरही तो असाच होता. गिऱ्हाईक बोललं तर ऐकून घ्यायचा, कोणी रांग मोडून डबा पुढे सरकवला तर दळून द्यायचा. गाव त्याला शांत माणूस म्हणायचं. ज्याला गाव शांत म्हणतं तो बहुतेक वेळा नुसता भित्रा असतो, पण हा फरक करत बसायची गावाला गरज पडत नाही.

यंदा सगळ्याच मंडळांच्या डोक्यात विमानं शिरली होती. मंडळाचे अध्यक्ष रामाजी, संत्र्यांचे मोठे बागाईतदार, त्यांना नव्यातलं नवं लढाऊ विमान हवं होतं. हेमंत सरांनी हट्ट धरला. सर शाळेत इतिहास शिकवायचे आणि कोणी ऐकणारं मिळालं की शाळेबाहेरही शिकवायचे. ते म्हणाले, नवी विमानं पांढुर्ण्यातली चार मंडळं करून राहिली आहेत, आपण कॅनबेरा करू. इंग्रजांनी बांधलेलं, आपल्या वायुदलाने घेतलेलं, पासष्ट आणि एकाहत्तर दोन्ही लढायांत हजार पौंडी बॉम्ब वाहून नेणारं आणि पन्नास वर्षं राबून मग निवृत्त झालेलं. पोटाची दारं उघडायची आणि आतून साडेचारशे किलोचं लोखंड सुटायचं. त्या बॉम्बचाही इतिहास सरांनी काढून ठेवला होता. त्याचा घाट दुसऱ्या महायुद्धातला. विमानं बदलली, वैमानिक म्हातारे झाले, पण बॉम्बचा आकार साधारण तोच राहिला. सरांनी हे सगळं आवाज खाली-वर करत रेकॉर्ड केलं आणि ट्रॉलीवरच्या भोंग्याला जोडून दिलं.

बांबू, गोणपाट आणि चंदेरी रंग यांचं ते कॅनबेरा खरोखर सुरेख झालं होतं. सरांनी जुने फोटो समोर ठेवून त्याची ठेवण हुबेहूब करून घेतली होती. वैमानिक वर, पारदर्शक घुमटीत. त्याला आभाळ दिसतं, समोरचं दिसतं, पण थेट खालचं काही दिसत नाही. नेव्हिगेटर म्हणजे वाट दाखवणारा आणि नेम धरणारा. तो खाली, काचेच्या नाकात पालथा. त्याला फक्त खालचंच दिसतं. संकट आलं तर वैमानिकाची खुर्ची उडून बाहेर पडायची. नेव्हिगेटरला तशी खुर्चीच नव्हती. त्याने सरपटत दारापर्यंत जायचं, वेळ मिळाला तर. भोंग्यातून हे वाक्य आलं की लोक हळहळायचे आणि मान वर करून गुणवंताकडे बघायचे.

वरच्या घुमटीत प्रवीण बसला होता. रामाजींचा पुतण्या, पोरका, काकांनीच वाढवलेला. काका म्हणाले विमानात बस, तो बसला. काका म्हणाले गॉगल लाव, त्याने लावला. बॉम्ब सोडायचं बटण खऱ्या विमानात नेव्हिगेटरच्या हाती असे, पण रामाजींना ते मान्य नव्हतं. पुतण्या वर बसला आहे आणि बॉम्ब चक्कीवाला टाकेल, हे कसं दिसेल? म्हणून दांडा प्रवीणपाशी दिला. हेमंत सरांनी एवढा एकच बदल दात-ओठ खात सहन केला.

बॉम्ब होता संत्र्याच्या दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून शिवलेला, वरून गोणपाट आणि काळा रंग. आत गुलाल आणि झेंडूच्या पाकळ्या. तो विमानाच्या पोटात एका लोखंडी आकड्याला टांगला होता. प्रवीणने दांडा ओढला की आकडा उघडणार, बॉम्ब ट्रॉलीवर आपटून फुटणार, गुलाल उडणार, भोंगा गर्जणार आणि ट्रॅक्टर पुढच्या चौकात जाणार. तालमीत तीनदा पडला, तिन्ही वेळा टाळ्या.

पण मध्ये दसरा आला. दसऱ्याला आपल्याकडे कोयता पुजतात, वजनकाटा पुजतात, चक्कीचं जातं पुजतात. मग मंडळाच्या बायकांनी बॉम्ब कसा सोडावा? ते तर आयतं शस्त्र. त्याला हळद-कुंकू झालं, नारळ झाला आणि लाल-पिवळी नाडाछडी गुंडाळली गेली. एकीने गुंडाळली म्हणून दुसरीने गुंडाळली. बॉम्बला गुंडाळता गुंडाळता सगळ्यांनी ती आकड्यालाही आवळून बांधली, कारण धागा सैल राहिलेला देवीला चालत नाही म्हणे. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणूक निघाली.

निघताना नाकाचं झाकण सारखं उघडत होतं म्हणून ट्रॅक्टरवाल्याने ते बाहेरून दोरीने बांधून टाकलं. गुणवंताला बरं वाटलं. नाही तरी आज त्याला कोणाशी बोलायचं नव्हतं.

उद्या त्याच्या मुलीचं, मृणालचं, साक्षगंध होतं. कुंकू लावून, पाहुण्यांच्या हातावर साखर ठेवून लग्न पक्कं करायचं. मुलगा म्हणजे हाच, वरच्या घुमटीतला प्रवीण.

त्याचं असं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी गुणवंताची बायको मीना मरणाच्या दारात होती. गुणवंता दवाखान्याच्या ओट्यावर नुसता बसून होता, महिषासुरासारखा. रामाजींनी आपली गाडी काढली, तिला मागच्या सीटवर घातलं, नागपूर गाठलं आणि चार दिवस तिथल्या बाकड्यावर झोपले. मीना वाचली. रामाजींनी त्या गोष्टीचा पुन्हा कधी उच्चार केला नाही, आणि तेच वाईट. बोलून दाखवले असते तर उपकार थोडे तरी फिटल्यासारखे झाले असते. मग यंदा पोळ्याला रामाजी ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, तुझी मृणाल आमच्या घरात दे. गुणवंता हो म्हणाला. विचारायचं असतं हे त्याला रात्री आठवलं.

मृणाल छिंदवाड्याला रक्त तपासायचं शिकून आली होती. नागपूरच्या एका रक्तपेढीत तिला नोकरी लागली होती. तिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सरळ सांगितलं, "बाबा, मले हे लग्न नाही करायचं. प्रवीण वाईट नाही. पण त्यायच्या घरच्या बाया उंबऱ्याबाहेर काम करत नाहीत, आन् मले काम करायचं आहे."

गुणवंता म्हणाला, शब्द दिला. ती म्हणाली, तो तुम्ही दिला. मीना चुलीकडे तोंड करून पोळ्या लाटत राहिली. त्यानंतर घरात कोणीच त्या विषयावर बोललं नाही आणि साक्षगंधाची तयारी आपोआप होत गेली.

मिरवणूक बस स्टँडच्या चौकात येऊन थांबली. ऑक्टोबरचं ऊन प्लास्टिकच्या नाकावर पडलं होतं आणि आत रंगाचा वास उकळत होता. गुणवंताच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात जात होता. त्याने पापणी हलवली नाही. खाली माणसंच माणसं, आणि ट्रॉलीच्या शेजारी, गर्दीत रुतलेली छिंदवाडा-नागपूर बस. ती आधी निघाली असती तर मोकळी गेली असती. आता पुढे ट्रॅक्टर, मागे ढोल पथक. झाकी हलल्याशिवाय तिला वाट नव्हती.

बसच्या तिसऱ्या खिडकीत मृणाल बसली होती.

तिने दुपट्टा डोक्यावरून घेतला होता, पण बापाला पोरगी ओळखायला चेहरा लागत नाही. मांडीवर निळी बॅग. सोबत कोणी नव्हतं. ती सकाळी मैत्रिणीकडे मेंदीला जाते म्हणून निघाली होती.

पहिली गोष्ट त्याच्या मनात आली ती ओरडायची. हे लपवण्यात अर्थ नाही. उद्याचे पाहुणे, रामाजींचं तोंड, गावाचं हसणं, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आलं, आणि रामाजी खालीच उभे होते, दहा पोरं हाताशी घेऊन. एक हाक मारली असती की पोरांनी बस अडवून तिला खाली उतरवलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण इतक्या वर्षांची सवय, झाकीत त्याच्या तोंडून आवाज फुटेना.

तेवढ्यात मृणालने वर पाहिलं.

आता ती लपेल, असं त्याला वाटलं. ती लपली नाही. हातही जोडले नाहीत, डोळेही ओले केले नाहीत. बापाच्या हातात आता सगळं आहे हे तिला कळलं होतं, आणि तो काय करेल याची तिला जराही खात्री नव्हती. ती नुसती बघत राहिली. आपल्या पोरीला आपली भीती वाटते, हे त्याला त्या क्षणी समजलं, आणि आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

भोंग्यात सरांचा आवाज चढला. विमानाच्या पोटाची दारं उघडली. वर प्रवीणने दांडा ओढला.

बॉम्ब पडला नाही.

पुन्हा ओढला. विमान गदगदलं, बॉम्ब लोंबकळला आणि तिथेच राहिला. लोक हसले. सरांनी इतिहास पहिल्यापासून लावला. पुन्हा इंग्रज आले, पुन्हा पासष्ट झालं, पुन्हा प्रवीणने दांडा ओढला. कोणीतरी बांबूने ढोसून पाहिलं. मग एकाला वर चढवलं, त्याने खाली ओरडून सांगितलं की आकड्याला देवीचा धागा बांधला आहे. पोराने खिशातून ब्लेड काढलं तसे रामाजी कडाडले. विसर्जनाच्या दिवशी देवीच्या धाग्याला पातं लावायचं? पंडितजींना बोलवा, ते मंत्र म्हणून सोडवतील. पंडितजी मिरवणुकीच्या पार पुढे, देवीच्या मूर्तीपाशी होते. ट्रॅक्टर पुढे घ्या म्हणावं तर रामाजी तेही ऐकेनात. तहसीलचे परीक्षक समोरच्या गच्चीत बसले होते आणि पांढुर्ण्याच्या मंडळाला गेल्या वर्षी बक्षीस मिळालं होतं. बॉम्ब पडेपर्यंत झाकी इथून हलणार नाही, असं ते म्हणाले.

हेमंत सर चेहरा पाडून उभे होते. तालमीत त्यांनीच गुणवंताला सांगितलं होतं की खऱ्या विमानांतही असं व्हायचं. बॉम्ब आकड्याला अडकून बसायचा. तो पोटात घेऊन खाली उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि वर तरी किती वेळ फिरणार? इंधन संपत जायचं. गुणवंताला तेव्हा ते गोष्टीसारखं वाटलं होतं.

बसमधले लोक कुरकुरायला लागले. ड्रायव्हरने हॉर्न लावून धरला. रामाजी मनाने उदार, ते कोणीच नाकारणार नाही. त्यांनी प्रसादाची परात मागवली. आपल्यामुळे प्रवासी ताटकळले आहेत तर त्यांना प्रसाद तरी मिळावा, आणि तो आपण आपल्या हाताने द्यावा, असं त्यांना वाटलं. परात खांद्याशी धरून ते बसच्या पुढच्या दाराने वर चढले.

गुणवंताला वरून बसच्या खिडक्यांतून सगळं दिसत होतं. पहिल्या सीटवरच्या म्हाताऱ्याला त्यांनी प्रसाद दिला, तब्येत विचारली. दुसऱ्या सीटवरच्या बाईच्या लेकराच्या तोंडात बुंदी घातली. मृणालने दुपट्टा पुढे ओढला आणि बॅग छातीशी धरली. मागचं दार ढोलवाल्यांच्या गर्दीने बंद होतं. तिला कुठेही जाता येणार नव्हतं.

आणि गुणवंता हलला.

समोरच्या गच्चीत एक बाई किंचाळली, कारण भीष्म हलला नव्हता, महिषासुर हलला नव्हता, आणि हा नेव्हिगेटर मागे सरपटायला लागला होता. नाकाचं झाकण बाहेरून बांधलेलं होतं, म्हणजे पुढून वाट नव्हती. मागे विमानाच्या पोटाकडे जायला बांबूंच्या मधून जेमतेम बकरी जाईल एवढी फट होती. त्याने पाय आधी घातले, मग कंबर. खिळ्याने शर्ट फाटला, पाठ सोलली. मध्येच तो असा अडकला की पुढेही जाईना, मागेही येईना. श्वास कोंडला. इथेच राहिलो तर, असं त्याच्या मनात आलं, आणि आजवर तो असाच राहत आला होता. त्याने जीव खाऊन अंग ओढलं. बांबू कडाडला, त्याची कंबर सुटली.

आकडा हाताशी आला. नाडाछडीचे वेढे मोजण्यापलीकडचे होते, गाठीवर गाठ. पातं नव्हतं आणि असतं तरी त्याने लावलं नसतं. त्याने गाठ दातांत धरली. हळद-कुंकवाची कडवट चव तोंडभर झाली. देवीला तो मनातल्या मनात म्हणाला, माय, तुझ्याच पोरीसाठी करून राहिलो. एक पदर तुटला, दुसरा तुटला. मग उरलेला गुंडा त्याने दोन्ही हातांनी आकड्यावरून खाली रेटला.

दांडा वर ओढलेलाच होता, बॉम्ब सुटला. ट्रॉलीवर आपटून टोपल्या फाटल्या आणि गुलाल असा उसळला की चौक दिसेनासा झाला. लोकांनी आरोळी ठोकली. भोंगा गर्जला, तोही नेमका वेळेवर. परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बसमध्ये तिसऱ्या सीटपाशी पोहोचलेले रामाजी हा आवाज ऐकून परातीसकट मागे वळले आणि धावतच खाली उतरले. एवढ्या मोठ्या क्षणी अध्यक्षाने बसमध्ये असून कसं चालेल?

ट्रॅक्टर सुरू झाला, चार हात पुढे सरकून बाजूला झाला. बसने वाट काढली.

गुणवंता फाटक्या शर्टाने सरपटत पुन्हा नाकात आला. प्लास्टिकच्या बाहेर गुलाल उतरत होता आणि बस अगदी खालून जात होती. मृणाल मान वळवून वरच बघत होती. आता तिचे डोळे भरले होते. त्याने हात वर करून प्लास्टिकला लावला, पंजा पसरून, सगळ्या गावासमोर. तिनेही खिडकीला हात लावला. बस बोरगावच्या रस्त्याला लागली, मग तिची मागची काच तेवढी चमकली, मग तीही दिसेनाशी झाली.

रामाजी नाकाखाली येऊन उभे राहिले. डोक्यापासून पायापर्यंत लाल. आनंदात होते. त्यांनी झाकणाची दोरी सोडायला हात घातला आणि विचारलं, "तू तं हललास, गुणवंता. काहून?"

धागा अडकला होता म्हणून, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. निदान आजचा दिवस. गुणवंताच्या ओठांवर ते आलंही होतं.

"मृणाल होती बसमध्ये, भाऊ," तो म्हणाला. "नागपूरले गेली, नोकरीवर. तिले जाऊ द्याचं होतं. उद्याचं साक्षगंध होत नाही."

रामाजींचा हात दोरीवर थांबला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग हातातल्या परातीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी दुःख आलं, आणि गुणवंताला ते रागापेक्षा जड गेलं. त्याने सांगून टाकलं की तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, मीनाही विसरणार नाही, पण पोरगी मी त्यात द्यायला नको होती. माझं चुकलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, मी घाबरलो.

रामाजींनी दोरी न सोडता, होती तशीच पुन्हा आवळली आणि ट्रॅक्टरवाल्याला पुढे चल म्हणून हात केला. मग परात कोणाच्या तरी हातात देऊन ते मिरवणुकीपासून वेगळे, घराच्या दिशेने चालू लागले. त्यांच्या मागे पोरांची कुजबुज सुरू झाली आणि ढोलांच्या आधी ती चौकभर पोहोचली.

गुणवंता आतच राहिला. नदी अजून लांब होती. वाटेत चार चौक, आणि प्रत्येक चौकात लोक आता विमानाकडे नाही, त्याच्याकडे बघणार होते. न हलता पडायचा त्याने प्रयत्न केला, पण आज ते काही केल्या जमेना. वरच्या घुमटीत सगळं ऐकू गेलं असणार, हेही त्याच्या एकदम लक्षात आलं. पोराला काय वाटलं असेल? त्या बिचाऱ्याने काय वाईट केलं होतं? नुसता बसला होता, बसवलं तिथे.

गुणवंताने मान वर करून बांबूच्या फटीतून हाक मारली. प्रवीणचे बूट दिसत होते, बाकी काही नाही. गुणवंता म्हणाला, मला माफ कर बाबू, तुझा काही दोष नाही.

मग प्रवीणने दांड्यावरचा हात काढला आणि गॉगल काढून खाली वाकून विचारलं, "ती पक्की गेली ना, काकाजी?"

"गेली."

"बरं झालं," प्रवीण म्हणाला. "मले बी कोनं विचारलं होतं?"